टॉर्नेडो आणि हरिकेन: फरक ओळखा, मग ठरवा लपायचं की निघायचं

मराठी बातमीत दोघांचं नाव बहुतेकदा एकच असतं: चक्रीवादळ. ‘अमेरिकेत चक्रीवादळाचं थैमान’ हा मथळा ओक्लाहोमातल्या टॉर्नेडोवरही बसतो आणि फ्लोरिडातल्या हरिकेनवरही. मग साताऱ्याहून आईचा फोन येतो, “तुमच्याकडे वादळ आलंय म्हणे,” आणि डॅलसमधल्या मुलाला आधी समजावून सांगावं लागतं की ते ह्यूस्टनकडचं, इथून जवळजवळ चारशे किलोमीटरवर.

फोनवर हा घोळ चालून जातो. टेक्सासात किंवा फ्लोरिडात राहणाऱ्याला मात्र तो परवडत नाही. तिथे दोन्ही वादळं भेटतात आणि दोघांतून वाचायच्या रीती एकमेकींच्या उलट आहेत. टॉर्नेडो आला की आहे त्या घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत दडायचं. हरिकेनबरोबर समुद्र घरात शिरणार असेल तर ते घरच सोडायचं. टॉर्नेडो बघून गाडी काढणारे आणि समुद्राच्या लाटेची वाट बघत घरात बसणारे, दोघंही आपापल्या परीने काहीतरी शहाणपणाचंच करत असतात. फक्त चुकीच्या वादळात.

कोणतं वादळ, हे बातमीवरून कसं ओळखाल

पहिली खूण नाव. हरिकेनला नाव असतं: आयक, हार्वी, बेरिल. टॉर्नेडोचं बारसं कुणी करत नाही, तो ज्या गावावरून गेला त्या गावाच्या नावाने ओळखला जातो: जॉप्लिनचा, मूरचा, एल रीनोचा.

दुसरी खूण जागा. हरिकेन समुद्रावर जन्मतं आणि जमिनीवर आलं की खंगत जातं. कॅन्सस किंवा नेब्रास्काची बातमी असेल तर ते हरिकेन नाही. महिन्याचा उपयोग मात्र अर्धाच होतो. अटलांटिकचा हरिकेन हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सगळ्यात गजबजलेला. टॉर्नेडो मध्य अमेरिकेच्या सपाट मुलखात एप्रिल ते जूनमध्ये जास्त, पण तो हंगाम पाळतोच असं नाही. केंटकीतल्या मेफिल्डवर ईएफ-४ (ईएफ हे टॉर्नेडोच्या ताकदीचं माप) टॉर्नेडो आला तो १० डिसेंबर २०२१ च्या रात्री.

तिसरी खूण आकडा. ‘कॅटेगरी ३’ म्हटलं असेल तर हरिकेन, ‘ईएफ-३’ म्हटलं असेल तर टॉर्नेडो.

आपल्या शब्दांशी मेळ घालायचा तर असा: हरिकेन, टायफून आणि आपलं चक्रीवादळ ही एकाच गोष्टीची तीन गावची तीन नावं. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर येऊन नारळी-पोफळीच्या बागा आडव्या करणारं ‘निसर्ग’ हे हरिकेनच्याच कुळातलं. टॉर्नेडोला जवळचा मराठी शब्द वावटळ, पण तो फसवा आहे. उन्हाळ्यात शेतातला पाचोळा गरगरत वर नेणारी वावटळ तापलेल्या जमिनीतून उठते, डोक्यावर आभाळ निरभ्र असलं तरी. टॉर्नेडो गडगडाटी ढगाच्या पोटातून खाली येतो. मराठी बातमीत ‘टॉर्नेडो’ हाच शब्द वापरावा, हे बरं.

आतली यंत्रणा

हरिकेनचं इंधन म्हणजे गरम समुद्र. पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर हवं, आणि तेही नुसतं पृष्ठभागावर नाही, पन्नासेक मीटर खोलपर्यंत. नाहीतर वादळ स्वतःच खालचं गार पाणी ढवळून वर आणतं आणि विझतं. वाफ वर जाते, ढगात तिचं पाणी होताना उष्णता सुटते, हवा आणखी वर खेचली जाते, खाली दाब उतरतो, आणखी दमट हवा आत धावते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ही हवा सरळ न येता वळत येते, म्हणून विषुववृत्ताला अगदी लागून, सुमारे पाच अंशांच्या आत, ही वादळं सहसा होत नाहीत. जमिनीवर आलं की वाफेचा पुरवठा तुटतो आणि वारा पडतो. पाऊस पडत राहतो, आणि तोच पुढे घात करतो.

टॉर्नेडोचं गणित निराळं. देवापुढची वात वळताना एक हात स्थिर ठेवून दुसरा वरून फिरवतो, तसं काहीसं हवेत घडतं. मेक्सिकोच्या आखातावरून आलेली दमट हवा खाली एका दिशेने वाहत असते, वरच्या थरात वारा वेगळ्या दिशेने आणि कितीतरी जास्त वेगाने. मधल्या हवेची आडवी वात वळली जाते. मोठ्या गडगडाटी ढगातला वर चढणारा झोत ही आडवी वात उचलून उभी करतो. सगळा ढगच फिरू लागतो, त्याला सुपरसेल म्हणतात. सुपरसेल झाला म्हणजे टॉर्नेडो होतोच असं नाही, बहुतेक सुपरसेल टॉर्नेडो न करताच निघून जातात. भीषण टॉर्नेडो मात्र जवळजवळ सगळे सुपरसेलमधूनच येतात.

गंमत अशी की वर आणि खाली वाऱ्याची दिशा-गती वेगळी असणं हरिकेनचा कणा मोडतं, आणि तेच टॉर्नेडोला जन्म देतं. एकाचं विष ते दुसऱ्याचं अन्न.

आकारातही ताळमेळ नाही. हरिकेनचा घेर शेकडो किलोमीटरचा, नुसता डोळाच, म्हणजे मधला शांत भाग, तीसेक ते साठेक किलोमीटरचा, आणि आयुष्य दिवसांत, कधी आठवड्यांत मोजायचं. टॉर्नेडो बहुधा काही दहा ते काहीशे मीटर रुंद असतो आणि दहा मिनिटांच्या आत संपतो. एल रीनोचा ३१ मे २०१३ चा टॉर्नेडो ४.२ किलोमीटर रुंद होता, नोंदलेल्यांत सगळ्यात रुंद. म्हणजे टॉर्नेडोंमधला सगळ्यात अगडबंब गडीसुद्धा हरिकेनच्या डोळ्यात आरामात मावेल.

आकडे वाचताना होणाऱ्या चुका

हरिकेनची कॅटेगरी वादळ चालू असताना ठरते, एका मिनिटाच्या सरासरी वाऱ्यावरून. ताशी ११९ किमीला पहिली, १७८ ला तिसरी, २५२ ला पाचवी. टॉर्नेडोचं ईएफ माप वादळ निघून गेल्यावर, बहुधा दुसऱ्या दिवशी, पाहणी पथक पडलेली घरं आणि झाडं बघून लावतं, आणि त्यातला वेग तीन सेकंदांच्या झोताचा असतो: ईएफ-० ताशी १०५ किमीपासून, ईएफ-३ २१८ पासून, ईएफ-५ ३२२ च्या वर. म्हणून दोन मापं शेजारी ठेवून तुलना करू नका. आणि ‘किती ईएफचा आहे ते कळू दे, मग बघू’ याला तर काही अर्थच नाही. तो आकडा जिवंत राहिलेल्यांना कळतो.

भारतीय हवामान खातं तीन मिनिटांची सरासरी धरतं. त्यामुळे आपल्याकडच्या ‘अतितीव्र’ वगैरे पायऱ्या अमेरिकन कॅटेगरीशी नेमक्या जुळत नाहीत.

कॅटेगरीची आणखी मोठी खोट म्हणजे ती फक्त वारा सांगते. पाण्याबद्दल अवाक्षर नाही. १९६३ ते २०१२ या काळात अमेरिकेत अशा वादळांत थेट गेलेल्या बळींपैकी दहातले जवळजवळ नऊ पाण्याने गेले. आयक १३ सप्टेंबर २००८ ला गॅल्व्हेस्टनला धडकलं तेव्हा ‘फक्त’ कॅटेगरी २ होतं, आणि बोलिव्हर द्वीपकल्पावर पंधरा ते वीस फूट पाणी चढलं. हार्वीने २०१७ मध्ये किनाऱ्यावर आल्यावर बस्तानच मांडलं आणि टेक्सासातल्या नेदरलंड इथे १,५३९ मिलिमीटर पाऊस ओतला. कोकणातल्या माणसाला हा आकडा ओळखीचा वाटेल. फरक इतकाच, की कोकणात तेवढं पडायला दोन-एक महिने लागतात. इथे ते काही दिवसांत पडलं.

टॉर्नेडो: तयारी आधी, हालचाल मिनिटांत

‘वॉच’ म्हणजे हवा तशी आहे, पुढच्या काही तासांत होऊ शकतो. ‘वॉर्निंग’ म्हणजे रडारवर फिरणं दिसलंय किंवा कुणी डोळ्यांनी पाहिलाय. वॉर्निंगनंतर सरासरी दहा-पंधरा मिनिटं मिळतात, कधी दोन, कधी एकही नाही. म्हणून वॉर्निंगनंतर काही शोधायची वेळ येऊ नये. हे आधी करून ठेवा:

१. खोली ठरवा. तळघर असेल तर तेच. पण टेक्सासातल्या बहुतेक घरांना तळघर नसतं. मग सगळ्यात खालच्या मजल्यावरची, बिनखिडकीची, बाहेरच्या भिंतीला न लागलेली छोटी खोली: कपड्यांचं क्लोजेट, आतलं बाथरूम, जिन्याखालची जागा. आपण आणि बाहेर यांच्यात जितक्या जास्त भिंती तितकं बरं. दिवाणखाना आणि गॅरेज नको. गॅरेजचं रुंद दार आधी आत दबतं, मग वारा आत शिरून छपराला खालून उचलतो.

२. अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर खालच्या शेजाऱ्याशी आजच बोलून ठेवा. रात्री दोन वाजता अनोळखी माणसाचं दार ठोठावण्यापेक्षा डबाभर चिवडा देऊन आधी ओळख करून घेतलेली बरी.

३. त्या खोलीत आधीच ठेवा: प्रत्येकाचे बंद बूट, टॉर्च, शिट्टी, हेल्मेट. हेल्मेट सायकलचं चालेल, मुलाचं क्रिकेटचं तर उत्तमच. टॉर्नेडोत माणसं मरतात ती बहुतेक उडत्या आणि कोसळत्या वस्तू लागून, त्यातही डोक्याला. बूट त्या क्षणासाठी नाहीत, नंतरसाठी आहेत. बाहेर पडाल तेव्हा अंगणभर काचा आणि उलटे खिळे असतील.

४. फोनवरचे आणीबाणीचे इशारे चालू आहेत का ते तपासा, आणि बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ घेऊन त्यात आपल्या काउंटीचा (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) कोड भरा. भोंग्यांवर भिस्त ठेवू नका. ते घराबाहेर असलेल्यांसाठी असतात, एसी लावून झोपलेल्याला ऐकू येतीलच असं नाही. डॅलसच्या उत्तर भागावरून २० ऑक्टोबर २०१९ ला ईएफ-३ टॉर्नेडो गेला तो रात्री नऊच्या सुमाराला. काळोखात तो दिसत नाही.

५. आपण कोणत्या काउंटीत राहतो, आजूबाजूच्या काउंट्या कोणत्या, आपल्या नैर्ऋत्येला कोणतं गाव आहे, हे पाठ करा. वॉर्निंग याच भाषेत येते, आणि बहुतेक टॉर्नेडो नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जातात.

वॉर्निंग आली की खोलीत जा, खाली बसून गुडघ्यांत डोकं घाला, वरून गादी किंवा जाड रजई ओढा. खिडक्या उघडत बसू नका. ‘आतबाहेरचा दाब सारखा झाला की घर फुटत नाही’ ही जुनी समजूत साफ खोटी आहे. उघड्या खिडकीतून वारा आत शिरतो, एवढंच होतं, आणि त्या खटपटीत तुम्ही काचेसमोर उभे असता.

मोबाइल होममध्ये, म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेल्या घरात असाल तर हिशेब बदलतो. ते घर, कितीही पक्कं बांधलेलं दिसलं तरी, सोडायचंच. वॉचच्या वेळीच जवळच्या पक्क्या इमारतीत जाऊन बसा.

गाडीत सापडलात तर जवळच्या पक्क्या इमारतीत शिरा. उड्डाणपुलाखाली थांबू नका. पुलाखाली वारा चिंचोळ्या बोळातून जावा तसा आवळून जातो आणि पकडायला काही नसतं. ३ मे १९९९ ला ओक्लाहोमात पुलांखाली आसरा घेतलेले तीनजण गेले. एक खूण लक्षात ठेवा: समोरचा टॉर्नेडो डावी-उजवीकडे सरकत नाहीये, नुसता मोठा होतोय असं वाटलं, तर तो तुमच्याकडेच येतोय.

घर सोडून गाडीने पळण्याचा परिणाम काय होतो ते एल रीनोला दिसलं. अकराच दिवस आधी मूरमध्ये ईएफ-५ ने २४ बळी घेतले होते. त्या धसक्याने ओक्लाहोमा सिटीच्या परिसरात हजारो लोक गाड्या घेऊन निघाले आणि महामार्ग तुंबले. त्या टॉर्नेडोत गेलेले आठही जण वाहनांत होते. त्यांत टॉर्नेडोंचा आयुष्यभर अभ्यास केलेले टिम समारास होते, त्यांचा मुलगा आणि सहकारीही. टॉर्नेडोने ऐनवेळी दिशा बदलली आणि वेग वाढवला. ज्यांचा तो व्यवसाय होता त्यांना चुकवता आला नाही, तिथे ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कुटुंबाला कसा येणार?

हरिकेन: दिवस मोजून तयारी

इथे वेळ हाताशी असतो, आणि तोच घात करतो. चार दिवस ‘बघू या’ म्हणण्यात जातात.

सगळ्यात आधी, हंगामाच्याही आधी, आपला पत्ता कोणत्या इव्हॅक्युएशन झोनमध्ये (घर रिकामं करायला सांगतात त्या पट्ट्यात) येतो ते काउंटीच्या संकेतस्थळावर बघा. फ्लोरिडात झोन ए, बी, सी असे असतात. ह्यूस्टन-गॅल्व्हेस्टन भागात पिनकोडनुसार आखलेले. झोनमध्ये नसाल आणि घर पक्कं असेल तर उगाच निघू नका. २००५ मध्ये रिटा हरिकेनच्या वेळी ह्यूस्टनमधून गरज नसलेलेही लाखो लोक निघाले, गाड्या तासन्‌तास उन्हात तुंबल्या, आणि वादळापेक्षा त्या पलायनातच जास्त माणसं गेली. झोनमध्ये असाल तर मात्र हुकूम निघाल्यावर चर्चा नाही.

पाच-चार दिवस आधी नकाशावर शंकू दिसू लागतो. त्याचा अर्थ बहुतेकजण चुकीचा लावतात. वादळाचा मध्यबिंदू कुठे असेल याचा तो अंदाज आहे, आणि तीनांतून साधारण दोनदा मध्य त्याच्या आत राहतो. तिसऱ्यांदा बाहेर जातो. वादळाची रुंदी शंकू दाखवतच नाही. २०२२ च्या इयन हरिकेनमध्ये सगळ्यांचं लक्ष फ्लोरिडातल्या टँपावर होतं, आणि २८ सप्टेंबरला वादळ दक्षिणेला फोर्ट मायर्सच्या बाजूला शिरलं.

हरिकेन वॉच ४८ तास आधी देतात, वॉर्निंग ३६ तास आधी. हे तास डोळा येण्यापर्यंतचे नाहीत, ताशी ६३ किमीचा वारा सुरू होईपर्यंतचे. तो सुरू झाला की शिडीवर चढणं संपलं, आणि उंच पूल बंद होऊ लागतात. म्हणजे निघायचं असेल तर वॉर्निंगच्या दिवशीच, उजेडात. शेकडो किलोमीटर जायची गरज नसते. पाण्याच्या टप्प्याबाहेर, पक्क्या छपराखाली, एवढं पुरे.

बरोबर घ्यायच्या पिशवीत औषधं, रोकड, आणि कागद: पासपोर्ट, व्हिसाचा आय-७९७ (मंजुरीचा कागद), ओसीआय कार्ड, विमा पॉलिसी. सगळं झिपलॉकमध्ये, आणि फोटो फोनवर. भिजलेला पासपोर्ट आणि इमिग्रेशनचे कागद पुन्हा मिळवणं हे स्वतःच एक वादळ आहे.

घरीच राहणार असाल तर माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी; किमान तीन दिवसांचं, जमल्यास आठवड्याचं. बाथटब भरून ठेवा, ते पाणी फ्लशसाठी. खिडक्यांना पाच अष्टमांश इंच जाडीचं प्लायवूड मापाने कापून, भोकं पाडून, खिडकीचा क्रमांक लिहून आधीच ठेवा. वादळाच्या आदल्या दिवशी दुकानात फळी मिळत नाही. काचेवर चिकटपट्टीची फुली मारणं निरुपयोगी आहे. काच फुटतेच, उलट तुकडे मोठे पडतात.

खाण्याचं एक सांगायला हवं. आपल्या कोठीत डाळ-तांदूळ भरपूर असतात आणि शेगडी विजेची असते. वीज गेली की पंधरा किलो बासमती असूनही उपास. थेपले, दशम्या, लाडू, शेंगदाण्याची चटणी, पोहे-दही असं न शिजवता खाता येईल ते आधी करून ठेवा. कॅम्पिंगची गॅस शेगडी घरात पेटवू नका. न उघडलेला भरलेला फ्रीझर ४८ तास टिकतो, फ्रिज जेमतेम चार. २०२४ च्या जुलैत बेरिल आलं ते कॅटेगरी १, आणि ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. कित्येकांनी उकाड्यात आठवडाभर अंधार काढला.

जनरेटर घरापासून किमान सहा मीटर लांब, धूर खिडकीच्या विरुद्ध बाजूला. गॅरेजमध्ये दार उघडं ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वारा एकदम थांबला, आभाळ उघडलं, पाखरं दिसली तर बाहेर पडू नका. तो डोळा आहे. थोड्या वेळाने वारा उलट्या बाजूने, तितक्याच जोरात येतो. आधीच्या वाऱ्याने सैल केलेली झाडं तो पाडतो.

वादळ ज्या दिशेने चाललंय तिच्या उजव्या हाताला उभे असाल तर जास्त वाईट. तिथे समुद्र किनाऱ्याकडे ढकलला जातो. डाव्या हाताला उलट होऊ शकतं. मिल्टन ९ ऑक्टोबर २०२४ ला टँपाच्या दक्षिणेला शिरलं तेव्हा टँपाच्या खाडीतलं पाणी ओढलं जाऊन तळ उघडा पडला. अशा उघड्या तळावर चालायला जाणारे वेडे असतात. पाणी परत येतं, आणि सांगून येत नाही.

दोन्ही एकदम आले तर

हे होतं. किनाऱ्याकडे येणाऱ्या हरिकेनच्या बाहेरच्या पावसाळी पट्ट्यांत, बहुधा उजव्या-पुढच्या भागात, टॉर्नेडो निपजतात. साधारणपणे ते लहान, अल्पजीवी आणि पावसात झाकलेले असतात. पण मिल्टनच्या दिवशी डोळा किनाऱ्याला लागायच्या कितीतरी तास आधी फ्लोरिडाच्या दुसऱ्या, पूर्व किनाऱ्यावर जोरदार टॉर्नेडो झाले आणि सेंट लुसी काउंटीत सहाजण गेले.

इथे दोन्ही नियम भांडतात: टॉर्नेडो म्हणतो खाली जा, पाणी म्हणतं वर जा. तोडगा असा: पाणी जिथे पोहोचणार नाही अशा मजल्यांपैकी सगळ्यात खालच्या मजल्यावरची आतली खोली. तळघर किंवा खोलगट जागा नको. एल रीनोच्या त्याच रात्री ओक्लाहोमा सिटीत टॉर्नेडोच्या भीतीने पाण्याच्या मोऱ्यांमध्ये शिरलेली माणसं अचानक आलेल्या पुरात वाहून गेली. गाडीतही तेच: वाहतं पाणी फूटभर झालं की बहुतेक लहान गाड्या तरंगतात, अर्ध्या फुटात माणूस पडतो.

विम्याचा फरक

टॉर्नेडोने पाडलेलं घर साध्या होमओनर पॉलिसीत सहसा येतं. हरिकेनच्या वाऱ्याने झालेलं नुकसानही येतं, पण तिथे डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायचा वाटा, ठरावीक रकमेऐवजी विम्याच्या टक्क्यांत असू शकतो: चार लाख डॉलरच्या घरावर दोन टक्के म्हणजे पहिले आठ हजार तुमचे. टेक्सासच्या किनारी काउंट्यांत वारा-गारांचं संरक्षण अनेकदा वेगळं घ्यावं लागतं. आणि पूर या साध्या पॉलिसीत येतच नाही, मग पाणी समुद्राचं असो की पावसाचं. फ्लड पॉलिसी वेगळी, आणि सरकारी योजनेतली पॉलिसी साधारणपणे घेतल्यावर तीस दिवसांनी लागू होते. १ जूनला हंगाम सुरू होतो, तेव्हा अर्ज एप्रिलअखेरपर्यंत गेलेला हवा.